आत्याबाईंनी रांग बदलली

आमच्या आत्याबाई पुरुषांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मला वाटलं, चर्चची फरशी फाटावी आणि मी हातातल्या भांड्यासकट तिच्यात गडप व्हावं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, विमलबाई. वय ऐंशीच्या घरात, उंची जेमतेम माझ्या खांद्याला, आणि आवाज असा की गोठ्यातून हाक मारली तर पुणतांब्याच्या स्टेशनावरचा माणूस मागे वळून बघेल. आमचं गाव पुणतांब्याच्या अलीकडे, ऊस-कांद्याचं. गावात मिशनचं जुनं चर्च आहे, आणि तिथली एक गोष्ट कुणी न सांगताच सगळ्यांना ठाऊक असते. डावीकडे बाया, उजवीकडे पुरुष. चपला बाहेर काढायच्या, सतरंजीवर बसायचं, मधली वाट मोकळी ठेवायची. नवरा-बायको एकाच गाडीवर येतात, पण दारातून आत शिरले की दोघांची तोंडं दोन दिशांना. माझं लग्न झालं त्या पहिल्याच रविवारी मी चुकून आमच्या ह्यांच्या शेजारी जाऊन बसले, तर याच बाईनं सगळ्यांदेखत मला दंडाला धरून उठवलं होतं. "तुमच्या मिरजगावला बसत आसतील आसं. हितं न्हाई बसत." आणि आता तीच बाई मधली वाट ओलांडून पलीकडे गेली, आणि आमच्या मामांच्या, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याच्या, पाठीमागे जाऊन पदर सारखा करत उभी राहिली! मामांनी मागे वळून पाहिलं आणि घाबरून परत पुढे पाहिलं.

हे असं का झालं ते सांगते, पण त्याआधी बाई समजून घ्यायला पाहिजे. नुसती हट्टी म्हणून सोडून दिली तर तिच्यावर अन्याय होईल. हट्टी तर ती आहेच, त्याबद्दल वादच नाही.

आत्याबाई लहानपणी सिस्टर लोकांच्या बोर्डिंगमध्ये वाढल्या. बाप दुसऱ्याच्या खळ्यावर राबायचा, पोरीला दोन वेळचं खायला मिळेल आणि चार अक्षरं येतील म्हणून तिथे सोडली. त्या काळी मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, लॅटिनमध्ये असायची. फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करायचे, आणि जे काय बोलायचं ते तिकडेच बोलायचे. मागे पोरी गुडघ्यांवर बसून जपमाळ ओढायच्या. मी एकदा विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला त्यातलं काय कळायचं हो?" तर म्हणाल्या, "मला कळून काय करायचंय? ज्याला सांगायचं त्याला कळत हुतं ना? बास झालं." ती लॅटिन गाणी त्यांना अजून तोंडपाठ आहेत. धार काढताना म्हणतात. आमची म्हैस दुसऱ्या कुठल्या गाण्याला दूध सोडत नाही, हे मी शपथेवर सांगेन.

बोर्डिंगात त्यांच्याकडे वेदीवरची कापडं धुवायचं काम होतं. पण त्यातही एक शिस्त असायची. ज्या कापडानं फादर द्राक्षारसाचा पवित्र प्याला पुसायचे, ते कापड पोरींच्या हातात सरळ येत नसे. पहिलं पाणी फादर स्वतः काढायचे, आणि ते पाणी कुणाच्या पायाखाली येणार नाही अशा जागी, भिंतीकडेच्या मातीत ओतायचे. मग कापड पोरींकडे. प्याल्याला तर सिस्टरसुद्धा उघडा हात लावत नसत, फडक्यानं धरून उचलायच्या. एके दिवशी खोलीत कुणी नाही असं बघून विमलनं त्या प्याल्याला एक बोट लावलं. नुसतं एक बोट! गार लागलं, एवढंच झालं. पण पोरगी जेवली नाही, रडत बसली, आणि पापकबुलीला जाऊन फादरना सांगून आली तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. हे त्या अजून सांगतात, आणि सांगताना ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत झाकून धरतात.

पुढे लग्न होऊन त्या या गावात आल्या. रंभाजीमामा शुगर फॅक्टरीत कामाला, ह्या कांद्याच्या चाळीवर निवडायला, घरी म्हशी. मग मिस्सा मराठीत आली आणि फादर लोकांकडे तोंड करून उभे राहायला लागले. बायांची पंचाईत झाली म्हणे! इतके दिवस फादरची पाठ होती, कुणी जांभई दिली, कुणी पोर पाजलं, कुणाला पत्ता नसायचा. आता समोरून सगळं दिसतं म्हटल्यावर सगळ्यांनी पदर कपाळाच्याही पुढे ओढले. मग पेटी आली, ढोलकी आली. जुन्या माणसांनी नाकं मुरडली, देवळात तमाशा आणला म्हणाले. "आणि तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं. तर हसून म्हणाल्या, "मी तवा तरनी व्हते. मला लई ग्वाड वाटलं. टाळ्या वाजवून वाजवून हात लाल व्हायचं."

म्हणजे बघा, नव्याशी त्यांचं वैर नव्हतंच. आरती आली, पंचारतीनं ओवाळायला ह्या पुढे. पोरी वेदीपाशी सेवेला उभ्या राहायला लागल्या, त्याचंही कौतुक. भिंतीवर पडदा लावून गाण्याचे शब्द दाखवायला लागले, तेव्हा डोळ्यांना दिसत नसताना पडद्याकडे बघून म्हणायच्या. फक्त एका ठिकाणी बाई अडून बसली. मिस्सेत फादर जी पातळ, गोल, पांढरी भाकर देतात ती आमच्यासाठी भाकर नसते, ख्रिस्ताचं शरीर असतं. पूर्वी ती गुडघे टेकून जिभेवर घ्यायचे. आता बहुतेक जण उभ्यानं, तळहातावर घेतात. आत्याबाईंनी हात कधी पुढे केला नाही. दोन्ही गुडघे फरशीवर, डोळे मिटलेले, जीभ बाहेर. "आपली भाकर हातात घ्यावी, त्याची जिभेवर." आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हे जुनं व्रतही चालूच. अंगात शुगर, डॉक्टर ओरडतात, मी ओरडते, फादर सांगतात की आता तासभर आधीचा उपास पुरतो. ऐकेल ती विमलबाई कसली!

गेल्या वर्षी फादर प्रवीण आमच्याकडे आले. तरुण, हसतमुख, मोटरसायकलवरून चार गावांच्या मिस्सा सांभाळणारे. आल्या आल्या त्यांनी ठरवलं की कम्युनियन, म्हणजे ती पवित्र भाकर, द्यायला फादरच्या जोडीला गावातलं एक माणूस तयार करायचं. बिशपांच्या परवानगीनं असं आता सगळीकडे चालतं. मी अंगणवाडीत सेविका. एका रविवारी मिस्सेनंतर त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आपल्या जयमालाताई." मी म्हटलं, "फादर, मला जमायचं नाही." ते म्हणाले, "रोज पन्नास पोरांना सांभाळता, हे का नाही जमणार?" आमचे हे मागून म्हणाले, "हो म्हण गं." मी हो म्हटलं. खरं सांगू? आतून इतका आनंद झाला होता की घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

घरी आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. वर पाहिलं नाही. म्हणाल्या, "अंगणवाडीत खिचडी वाढती, तसा आता देव वाढनार व्हय?"

मला असं लागलं ते! "मी कुठं मागायला गेले होते? फादरनी सांगितलं."

"फादरला काय, त्ये काल आल्यात. फादरच्या हाताला दीक्षेच्या येळी बिशपनी तेल लावलेलं आसतं. तुझ्या हाताला कसलं तेल हाय? शेंगदान्याचं."

मी नाशिकला शिबिराला जाऊन आले. भांडं कसं धरायचं, काय म्हणायचं, चुकून भाकर खाली पडली तर काय करायचं, सगळं शिकले. आणि पहिल्या रविवारी, पुरुषांच्या रांगेपुढे फादर आणि बायांच्या रांगेपुढे मी, अशी उभी राहिले. एकेक बाई पुढे येत होती. मी म्हणायचे, "ख्रिस्ताचे शरीर." ती म्हणायची, "आमेन." जमत होतं. आत्याबाई उठल्या. मी मनात म्हटलं, आली बाई, आली! आणि तिनं काय केलं ते मी वर सांगितलंच आहे.

फादरनी त्यांना कम्युनियन दिलं. न देऊन करतात काय, बाई गुडघे टेकून जीभ काढून बसलेली. पण चर्चमध्ये जी कुजबूज उठली ती घरापर्यंत आली. मामा रस्त्यात एवढंच म्हणाले, "तू माझ्या मागं उभी ऱ्हायलीस, मला रांग सोडून पळावंसं वाटलं." त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "पळाला आसता तर बरंच झालं आसतं, माझा नंबर आदी लागला आसता."

एका बाईनं केलं असतं तर खपलं असतं. पुढच्या रविवारी त्यांच्या वयाच्या आणखी दोघी म्हाताऱ्या त्यांच्या मागोमाग पलीकडे गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. पुरुषांची रांग दारापर्यंत जायला लागली. आसाराम म्हणून आमच्या भावकीतले गृहस्थ आहेत, त्यांनी फादरना गाठलं. "फादर, आता आमीच बायांच्या लायनीत जातो, तिकडं मोकळं हाय."

फादरनी मग युक्ती काढली. ते स्वतः बायांसमोर उभे राहिले आणि मला पुरुषांसमोर केलं. आत्याबाई तृप्त! पण पुरुषांच्या बाजूचे दोन म्हातारे, तेही लॅटिनच्या काळातले, काठी टेकत टेकत मधली वाट ओलांडून बायांच्या रांगेत आले. त्यांत आसारामच पुढे. मामा तेवढे माझ्यासमोर आले. ताठ मानेनं, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, असं "आमेन" म्हणाले की मागच्या माणसाकडे बघायचंही मी विसरले. आत्याबाईंनी ते पाहिलं. दुपारी मामांना कोरड्यास वाढलं ते बिनमिठाचं. मामांनी मुकाट्यानं खाल्लं आणि मला डोळा घातला. फादरनी डोक्याला हात लावून परत पहिली पद्धत सुरू केली.

मला राग यायचा हो. रात्री ह्यांच्यापाशी रडायचे. गावातल्या सगळ्या बाया माझ्यापुढे येतात आणि माझ्या घरचीच पाठ फिरवून जाते! पण एक सांगते, त्या पहिल्या दिवसानंतर ती बाई मला एका शब्दानं कधी हलकं बोलली नाही. मी चर्चला निघाले की माझी साडी मागून सारखी करायच्या. कुणी शेजारीण म्हणाली, "विमलबाई, सुनंला लई शिकीवलंत," तर फणकारून म्हणायच्या, "शिकीवलं न्हाई, हुशारच हाय ती. मिरजगावची हाय." फक्त माझ्या हातून घ्यायचं नाही.

उपवासकाळात, ईस्टरच्या अगोदर महिनाभर, आत्याबाई हौदापाशी घसरल्या. पायाचं हाड मोडलं. श्रीरामपूरला नेलं, मांडीपर्यंत प्लास्टर घालून घरी आणलं. आता त्यांचं सगळं खाटेवर. अंघोळ घालणं, शौचाचं भांडं देणं, केस विंचरणं, सगळं मी करायचे. पहिल्या दिवशी भांडं दिलं तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, माझ्यापुढं कसली लाज?" बडबडी बाई ती, पण त्या दिवसांत नुसती माझ्याकडे बघत राहायची. मी पीठ मळताना, नखं काढताना, औषधाची गोळी तोडताना.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी फादर घरी आले आणि त्यांनी आत्याबाईंना स्वतः कम्युनियन दिलं. मग म्हणाले, "आजी, ईस्टरला मला चार ठिकाणी मिस्सा आहेत. मला यायला जमणार नाही. जयमालाताई घेऊन येतील. नाहीतर मी मंगळवारी येतो."

"मंगळवारी ईस्टर नसतो," आत्याबाई म्हणाल्या.

एवढ्या आयुष्यात त्यांचं ईस्टरचं कम्युनियन एकदाही चुकलं नव्हतं. बाळंतपणातून उठून गेल्या होत्या, तापात गेल्या होत्या. फादर गेल्यावर त्या छताकडे बघत पडून राहिल्या. मीही विषय काढला नाही. शुक्रवार गेला. शनिवारी संध्याकाळी मला राहवेना. मी खाटेपाशी बसून विचारलं, "आत्याबाई, उद्या आणू का?"

त्यांनी पांघरूण सारखं केलं आणि म्हणाल्या, "आन. पन घेववंल का न्हाई, मला म्हाईत न्हाई. खोटं कशाला सांगू?"

आता माझी काय अवस्था झाली असेल बघा. त्यांनी घेतलं नाही तर मला ते तसंच परत चर्चला न्यायचं होतं. ईस्टरच्या दिवशी, सगळ्या गावातून. आणि त्या कम्युनियनशिवाय राहणार, तेही माझ्यामुळे.

पहाटेची मिस्सा झाली. ढोलक्या काय, फटाके काय, चिंचेच्या झाडापर्यंत पोरं नाचत होती. फादरनी छोट्या डबीत पवित्र भाकर ठेवली, डबी पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या गळ्यात अडकवली. ती घेऊन जाताना कुणाशी बोलायचं नसतं. मी पदर डोक्यावर घेतला आणि चालत निघाले. गाडी नको म्हटलं, हिसका बसायला नको. दूधवाला कल्याण समोरून आला, "काय वयनी, सणाचं चालत?" म्हणाला. मी मान हलवली फक्त. त्याला काय समजलं कोण जाणे, त्यानं गाडी बंद केली आणि मी पुढे जाईपर्यंत तसाच उभा राहिला. सगळा रस्ता मी एकच म्हणत होते, देवा, तुला परत न्यायला लावू नको रे.

दारात पाऊल टाकलं आणि थबकले. ओसरी पुसलेली. खाटेपाशी स्टूल, त्यावर घडी न मोडलेलं पांढरं कापड, दोन मेणबत्त्या लावलेल्या. आत्याबाई उशांना टेकून ताठ बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतली हिरवी साडी, डोक्यावर पदर. मामा घामाघूम होऊन कोपऱ्यात उभे. "सकाळधरनं हुकूम चाललाय," ते पुटपुटले, "ही साडी न्हाई ती, ती न्हाई ही. निऱ्या मलाच घालाया लावल्या."

"गप ऱ्हावा. ती काय घिऊन आलीय बघा जरा," आत्याबाई म्हणाल्या. मामा खरंच गप झाले आणि त्यांनी गुडघे टेकले.

मी डबी स्टुलावर ठेवली. घेणार का, असं कसं विचारू? आत्याबाईच बोलल्या.

"जयमाले, मी लई इचार केला. महिना झाला, माझं हागनं-मुतनं तू काढती. भाकर तू भरीवती. एकदा त्वांड वाकडं केलं न्हाईस. ते हात जर देवाला चालत नसतील, तर मग कुनाचं चालायचं गं? मला कुनी सांगितलं न्हाई हे. मीच बघत हुते."

मी रडायलाच लागले. शिबिरात शिकवलेलं सगळं पार विसरले. हुंदका देत डोळे पुसायला हात वर नेला, तर आत्याबाई ओरडल्या.

"अगं अगं! त्या हातानी न्हाई! पदरानं पूस!"

मी पदरानं डोळे पुसले. डबी उघडली. भाकर उचलून धरली. "ख्रिस्ताचे शरीर."

"आमेन!" असा आवाज लावला बाईनं की गोठ्यातली म्हैस ओरडली. मग डोळे मिटले, जीभ बाहेर काढली, आणि मी तिच्या जिभेवर भाकर ठेवली.

मग आत्याबाईंनी डोळे उघडले, माझा उजवा हात ओढून घेतला आणि माझी बोटं आधी एका डोळ्याला लावली, मग दुसऱ्याला.